पाठीवरचे तांदूळ

रायपुरात डोंगर नाही, म्हणून आमचे शेजारी रोज संध्याकाळी पाठीवरच्या पिट्ठू बॅगेत तांदूळ भरून बिल्डिंगचा जिना चढतात. सिलतऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. नेपाळला ट्रेकिंगला जायचंय, बायकोला सोबत घेऊन. चढताना प्रत्येक पायरीला हळूच "हव, हव" म्हणतात, जणू पायरीच त्यांना काही विचारते आहे.

एकदा तो आवाज माझ्या दाराशी थांबला. उघडून पाहिलं तर ते पायरीवर बसले होते, ओठ काळेनिळे.

"वहिनीले बोलावू का?"

"काहून? तिले सांगू नका भाऊ, जाऊ नाही देणार."

पाणी पिऊन त्यांनी थोडे तांदूळ माझ्या पातेल्यात ओतले. "वजन जरा जास्त होऊन राहिलं."

तेव्हापासून रोज थांबतात, थोडे तांदूळ माझ्याकडे ओततात. बॅग फुगलेली दिसावी म्हणून आत चादर कोंबतात आणि वर जातात.

काल वहिनी जिन्यात भेटल्या. तिकिटं आली म्हणाल्या. "मले लय भेव लागत होतं, भाऊजी. पण आता त्यायले दमच नाही लागत."

मी मान हलवून घरात आलो. तांदळाच्या डब्याला आता झाकण बसत नाही.