अण्णांशिवाय उघडेना

रंगाच्या दुकानातल्या गल्ल्याला अण्णांनी उभ्या आयुष्यात कुलूप लावलं नव्हतं. माणसं पारखून घेतली की कुलूप कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. मुलगा नोकरीपायी परगावी गेला, दुकान सुनेनं हाती घेतलं, वह्या जाऊन कॉम्प्युटर आला, तरी अण्णा मनात येईल तेव्हा खुर्ची ओढून विक्री बघायचे. मग एका सकाळी हिशेबाचं ते सॉफ्टवेअर आपणहून अपडेट झालं आणि पासवर्ड मागायला लागलं. नको म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याच दुकानात मी कोण, ते मी याला सांगायचं? चार डबे रंग विकतो आपण, आणि थाट खजिन्याचा! नाकापेक्षा मोती जड!"

"मी तरी काय करू अण्णा? ते ऐकतच नाही," सून म्हणाली. "मी ठेवते एक, तुम्हाला सांगते."

"मला नको सांगूस. मला काय करायचंय!"

पण तेव्हापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली. डबे उगाच इकडचे तिकडे करायचे. गिऱ्हाईक आलं की "तिला विचारा" म्हणायचे आणि तेच वाक्य दिवसभर मनाला लावून घ्यायचे. आपलं इथलं काम संपलं, या धास्तीनं घास गोड लागेना. शेवटी सुनेनंच कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "पासवर्ड तुम्हीच ठेवा. मला सांगूसुद्धा नका. रोज येऊन उघडून द्या."

एका बोटानं, प्रत्येक अक्षर पुटपुटत, मधूनमधून शिव्या घालत अण्णांनी तो ठेवला. आकडा हवा, चिन्ह हवं, नखरे तरी किती! पण दुसऱ्या दिवशी स्वारी अर्धा चहा टाकून दुकानात हजर.

पुढे एकदा गुडघा धरला आणि निघायला उशीर झाला. गिऱ्हाइकं खोळंबली असतील म्हणून जिवाची तगमग करत ते आले, आणि काचेच्या दारातून बघतात तर काय, बिल छापून निघत होतं! त्यांची चप्पल वाजली तशी सुनेनं घाईघाईनं सगळं बंद केलं.

"बरं झालं आलात अण्णा. केव्हाचं पासवर्ड मागतंय बघा."

अण्णा खुर्ची ओढून बसले. एकेक अक्षर शोधत त्यांनी पासवर्ड टाकला, या वेळी न पुटपुटता. लाज वाटली, रागही आला, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यावरूनच मोठ्यानं खाकरत यायला लागले. सुनेला बंद करायला वेळ मिळायला हवा ना.