‘अदम्यपणे’चा वाक्यात उपयोग

शाळकरी मुलांसाठीच्या एका शब्दकोशाचं काम मी घरून करत होते. शब्दाचा अर्थ द्यायचा आणि खाली एक वाक्य. ‘अदम्यपणे’पाशी अडले. अर्थ सोपा होता: दाबता किंवा आवरता येणार नाही अशा रीतीने. पण वाक्य लिहायला घेतलं की सैनिक लढायला लागायचे, नाहीतर गिर्यारोहक शिखर गाठायचे. मी स्वतः पाहिलेलं त्यात काहीच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मधुमेहामुळे बाबांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी बंद केली. तीस वर्षं नागपूरहून हिंगण्याच्या कारखान्यात मोटरसायकलनं गेलेला, निवृत्तीनंतरही तिथल्या चहाच्या टपरीवर जुन्या सोबत्यांना भेटायला जाणारा माणूस कूलरसमोर बसून राहू लागला. काही विचारलं तर “हो” किंवा “नाही”, बस.

एक दिवस आई मला म्हणाली, “मले तुही स्कूटी शिकव.”

आई बासष्टची. तिला सायकलसुद्धा येत नव्हती.

“या वयात काहून वं?” बाबा म्हणाले.

“तुमाले हिंगण्याले कोण नेईन मंग?”

रोज सकाळी सहाला आम्ही घराजवळच्या लेआउटमधल्या मोकळ्या मैदानावर जायचो. मी गाडी मागून धरायचे. बाबा कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. त्यांना गाडी धूसर दिसायची, पण आवाजावरून सगळं कळायचं. “रेस जास्त देऊन राहिली तू! हळू, हळू!” इतकं ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात आई पडली. गुडघा सोलला, मनगट सुजलं. “बस झालं आई, ऑटोनं जात जा,” मी म्हटलं. घरी येऊन तिनं किल्ली खुंटीला अडकवली. मला वाटलं, संपलं.

पाच दिवसांनी सकाळी ती माझ्या उशाशी उभी होती, हातात किल्ली. “चालतं ना मैदानावर?” तिनं इतक्या साध्या आवाजात विचारलं, जणू भाजी आणायला निघालोय. मी तोंडही न धुता निघाले.

त्या दुपारी वाक्य लिहिलं: ‘पडल्यानंतरही आई अदम्यपणे स्कूटी शिकत राहिली.’ दोघांना वाचून दाखवलं, अर्थही सांगितला.

“एवढा भारी शब्द काहून?” आई लाजली. “मले का कोणाले जिंकायचं होतं? हे घरात बसून सुकून चालले होते.”

“राहू दे वं,” बाबा म्हणाले. “बरोबर लिवलं पोरीनं.”

संपादकांनी कळवलं, स्कूटीऐवजी काहीतरी भारदस्त घाला. मी घातलं नाही.

लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. दिवाळीनंतर एका सकाळी बाबांना मागे बसवून आई हिंगण्याला गेली. दुपारी एकपर्यंत मी फाटकाशी आत-बाहेर करत होते. परत आल्यावर बाबा थांबेचनात: कोण निवृत्त झालं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, चहात आलं किती होतं. जेवताना त्यांनी वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

आई मनगट चोळत होती.

“ट्रक आले का गं मागून?” मी विचारलं.

“आले ना. हॉर्नवर हॉर्न.”

“मग?”

“मंग काय? त्यायले जाऊ देल्लं. मी आपली माह्या बाजूनं.”