झेंडूला मटर म्हणणारा वर्ग

"दीदी, या चौघांना घेऊन खेळाच्या खोलीत बसा. पालक जाईपर्यंत बाहेर आणू नका. फोटोत बरं दिसत नाही."

जबलपूरच्या आमच्या शाळेत ऑगस्टमधला पालक दिवस होता. दुसरीच्या वर्गाची मॅम हे मला मराठीत बोलली. समोर चाळीस पोरं, दारात फुगे बांधणारे दोन शिपाई, सगळे हिंदीवाले. मराठीत बोलली म्हणजे त्यांना कळू नये आणि मला कळावं.

मी गेली. हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणी माझी आरती ओवाळायला येऊ नये. चौघांना घेतलं आणि गुमान गेली. खेळाच्या खोलीत फुटकी रिंगणं, हवा गेलेले फुटबॉल, एक सतरंजी. दाराला कडी नव्हती, पण गरजही नव्हती, मी होती ना बसलेली. पलीकडे टाळ्या वाजून राहिल्या होत्या. दिव्यानं विचारलं, "दीदी, हमारी बारी कब आएगी?" मी बिस्किटाचा पुडा फोडला. सात वर्षांच्या पोरीनं प्रश्न विचारला आणि मी तिच्या हातात बिस्किट दिलं. आजही आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

दिव्या, आरती, नैना, सुमित. सरकारी कोट्यातून आलेले. दिव्याचा बाप ई-रिक्षा चालवतो, बाकी तिघांच्या आया शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात लोकांची धुणीभांडी करतात. कायद्यानं त्यांना या शाळेत जागा दिली. शाळेनं शेवटचा बाक दिला.

आणि मी त्या वर्गाची दीदी. शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे माझ्याकडे, पहिल्या श्रेणीत. अर्जावर मी ठळक अक्षरात सहायक शिक्षिका लिहिलं होतं. शाळेनं मला ॲप्रन दिला. फळ्यापुढं उभी राहते ती मॅम, पोरांची नाकं पुसते ती दीदी. मुलाखत घेणाऱ्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, छान म्हणाले, आणि बाथरूमची जबाबदारी समजावून दिली.

आमचं घर चेरीताल मोहल्ल्यात. आजोबा वर्ध्याकडून मजुरीला आले आणि इथेच राहिले. मॅमचं घराणं मराठ्यांच्या काळात चाकरीला आलेलं. हे ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची, जसं काही तिनंच कालपरवा घोड्यावरून उतरून हे शहर वसवलं. पहिल्या दिवशी तिनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाली. आणि तिची पाण्याची बाटली टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला गेली. बस, इतकंच. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. मग तिनं हजेरी घेतली.

वर्गात वर्षभर काय चालायचं? ॲक्टिव्हिटी. या असल्या शाळांत शिकवत नाहीत बाप्पा, ॲक्टिव्हिटी करतात. जुलैत पुठ्ठ्याचं घड्याळ. पोरांनी डोंबलाचं केलं! आयांनी केलं. काही आयांनी तर सदर बाजारातून तयारच उचलून आणलं. पोराला विचारा किती वाजले, पोरगं आईकडे पाहते. मॅम म्हणणार, "वंडरफुल!" फोटो काढणार, पालकांच्या ग्रुपवर टाकणार. झालं शिक्षण.

प्रत्येक ॲक्टिव्हिटीचं सामान शाळेच्याच दुकानातून घ्यायचं. या चौघांकडे ते नसायचं. मग त्यांना रंगवायचा कागद. घड्याळाच्या दिवशी फुलपाखरू रंगवा. दशक-एककाच्या दिवशी फुलपाखरू रंगवा. वजन-मापाच्या दिवशी, अजून काय, फुलपाखरू. माझ्या तर फुलपाखरू डोक्यात जायला लागलं.

खेळाच्या खोलीत बसून आली त्यानंतर मला चैन पडेना. मी डब्याच्या सुट्टीत चौघांना घेऊन बसायला लागली. आइसक्रीमच्या काड्या धुऊन आणल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. साडीच्या खोक्याचं घड्याळ केलं. वाचायला गेटबाहेरच्या दुकानांच्या पाट्या. दिव्या आधी एकेका अक्षरावर ठेचकाळायची. दिवाळी झाली आणि ती रस्त्यापलीकडची दवाखान्याची पाटी घडाघडा वाचून वर मलाच विचारायची, "दीदी, डॉक्टर का नाम इतना लंबा काहे को है?"

मॅमनं एकदा पाहिलं. हसली.

"कशाला एवढी मेहनत करता? पुढे यांना काय करायचंय?"

मी काड्यांच्या जुड्या गोळा केल्या. हो, तेव्हाही गुमान.

मग थंडी आली, मटर आला. थंडीत आमच्या जबलपुरात ज्या घरी जावं त्या घरी बाई मटर सोलत बसलेली असते. वर्गातही मटरची ॲक्टिव्हिटी निघाली. कपात दाणे लावा, रोप कसं वाढते ते पाहा, रोज वहीत लिहा. मॅमनं छत्तीस पोरांचे कप ओळीनं मांडले, फोटो काढला आणि विसरून गेली. पोरं रोज ग्लास-ग्लास पाणी ओतायची. आठ दिवसांत वर्गात असा घाण वास सुटला की शिपायानं कप उचलून फेकले.

चौघांसाठी दाणे मी घरून आणले होते. चहाचे कागदी कप, खाली भोक पाडलेले. खिडकीत ठेवले. रोज दोन चमचे पाणी, रोज वहीत एक ओळ. दिव्याची वही मला पाठ आहे. "आज कुछ नहीं हुआ।" दुसऱ्या दिवशी, "आज भी कुछ नहीं हुआ।" असं पाच दिवस. सहाव्या दिवशी, "हो गया!" त्या दिवशी तिनं वर्गभर नाचून घेतलं. तिघांचेही कप मग एकामागून एक उगवले.

फेब्रुवारीत मोठा पालक दिवस. आता मटर कुठून आणायचा? आदल्या दिवशी नर्सरीतून छत्तीस रोपं आली. चकचकीत कुंड्या, प्रत्येकीवर छापील चिठ्ठी, "मेरा मटर का पौधा". मी वाकून पाहिलं. एक पान चुरगळलं, वास घेतला. झेंडू! छत्तीसच्या छत्तीस झेंडू.

"मॅम, हा तर झेंडू आहे."

"दीदी, तुम्ही कुंड्या पुसा. रोपं मला कळतात."

कळतात म्हणे! जन्म गेला जबलपुरात, पोत्यानं मटर खाल्ला असेल, आणि मटरचा वेल कसा असते ते माहीत नाही. काहून माहीत असणार? पेरणारा वेगळा, सोलणारी वेगळी. हिच्यासमोर तो थेट ताटातच आला. आणि ही बाई चाळीस पोरांना शिकवते, मी तिच्या कुंड्या पुसते. मी त्या पुसल्याही. पुसता पुसता माझं डोकं इतकं तापलं की हातातलं फडकं पिळून पिळून फाटलं.

सकाळी पालक यायची वेळ झाली. मॅम म्हणाली, "चला दीदी, चौघांना घ्या. ते वाकडेतिकडे कपही न्या."

"मी नाही नेणार."

"काय?"

"ते या वर्गातले आहेत. वर्गातच बसतील. तुम्हाला न्यायचं असेल तर हात धरून तुम्ही न्या."

ती हात धरणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. वर्षभर तिनं त्यांच्या वह्यासुद्धा दोन बोटांच्या चिमटीत धरल्या होत्या. तिनं चौघांकडे पाहिलं. एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तेवढ्यात पहिले पालक दारात आले आणि तिला हसावं लागलं.

सदरच्या छावणीतून आलेले एक फौजी साहेब आपल्या मुलीच्या कुंडीजवळ थांबले. विचारलं, "बेटा, इसमें फली कब आएगी?"

मुलीनं मॅमकडे पाहिलं. मॅम म्हणाली, "व्हेरी सून, सर."

शेवटच्या बाकावरून दिव्या उठली. कप छातीशी धरून सरळ पुढे आली.

"अंकल, इसमें फली नहीं आएगी. ये गेंदा है. मटर ये वाला है."

तिनं वेलाचा बारीक धागा दाखवला, तो काडीला कसा धरते ते दाखवलं. मग वही उघडली आणि वाचायला लागली. आज कुछ नहीं हुआ. आज भी कुछ नहीं हुआ. एकही अक्षर अडलं नाही. मी मागे उभी राहून ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसून राहिली होती, आणि मला कोणाचीही पर्वा नव्हती.

टाळ्या वाजल्या असं वाटते का तुम्हाला? नाही वाजल्या. साहेब ओशाळं हसले आणि पुढे सरकले. एक आई शेजारणीला म्हणाली, "ये बच्ची कौन है? इसको तो कभी देखा नहीं." तिचा पोरगा जुलैपासून दिव्याच्या पुढच्या बाकावर बसत होता. मग त्या आईनं पोराला झेंडूशेजारी उभं केलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, मटर.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. प्राचार्य खुर्चीत, मॅम बाजूला, समोर कोरा कागद. हुकूम न मानल्याची माफी लिहून द्या. मी पेन घेतलं. हिंदीत लिहिलं, "ऑगस्टमध्ये मी दिव्या, आरती, नैना आणि सुमित यांना वर्गातून काढून खेळाच्या खोलीत बसवलं. ही माझी चूक आहे. तसं करायला वर्गाच्या मॅमनं सांगितलं होतं. आज मी त्यांना नेलं नाही. ही चूक नाही." खाली सही, पूर्ण नावाची.

प्राचार्यांनी वाचलं. "ये रहने दीजिए," म्हणाले आणि कागद परत सरकवला. मी घडी घालून पर्समध्ये टाकला. उद्यापासून येऊ नका, असंही मग त्यांनी सांगितलं. ॲप्रन मी तिथंच टेबलावर ठेवला.

तोच कागद तक्रार म्हणून घेऊन मी चार घरी गेली. दिव्याच्या बापानं वाचला, दोनदा वाचला, आणि विचारलं, "आप खुद ले गई थीं?" मी हो म्हटलं. त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. मग सही केली. बाकी तिघी आयांनी अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जणं शिक्षण खात्याच्या कार्यालयात जाऊन तक्रार देऊन आलो.

चौथ्या दिवशी मॅमचा फोन. आवाजात साखर.

"अगं, तक्रार कशाला? आपण मराठी माणसं. घरातली गोष्ट घरात मिटवू."

"कोणतं घर, मॅम? मी तुमच्या घरी कधी आली नाही."

ती म्हणाली, या वयात तिच्या नोकरीचं काय होईल. म्हणाली, त्या मुलांचं काही वाईट व्हावं असं तिच्या मनात कधीच नव्हतं. म्हणाली, तुझंही नाव त्यात आहे, तूही अडकशील.

अडकेन. पहिलं नाव माझंच लिहिलं आहे मी, मला ठाऊक आहे. चौकशीत उभी राहीन आणि त्यांना नेणारी मीच होती हे सगळ्यांसमोर सांगेन. मग कोणी पाठवलं ते सांगेन. तक्रार मागे घेणार नाही. एप्रिलात ते तिसरीत जातील, आणि तिथल्या मॅमनं त्यांना कुठं लपवलं तर पुन्हा लिहीन.

फोनवर ती अजून बोलतच होती. "त्या मुलांना आपण काहीतरी देऊ ना... ती ती, काय नाव तिचं..."

"चारही नावं पाठ करून या, मॅम," मी म्हटलं. "आडनावासकट. चौकशी करणाऱ्यांना मी ती तुम्हाला विचारायला लावणार आहे."