अंगणात ठेवलेली लोकर

मला नर्स व्हायचं होतं. सातवीची फायनल पास झाले होते. जूनमध्ये मिशनच्या दवाखान्यात शिकाऊ मुली घेणार होते आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझं नाव कळवलं होतं. ते साल पन्नासनंतरचं, नक्की कोणतं ते आता आठवत नाही. थंडीत इंदापूरकडच्या एका उपदेशकाचं स्थळ सांगून आलं आणि माझं जाणं अडलं.

उपदेशक चाळिशीचा होता. त्याच्या दोन बायका वारल्या होत्या. पहिली बाळंतपणात, दुसरी तापाने, असं निरोप घेऊन आलेल्या गृहस्थाने सांगितलं. सांगताना तो दुसऱ्या बायकोपाशी जरा घाईने पुढे गेला.

माझे वडील सांगवीच्या मिशन शाळेत मास्तर होते. देवाला विचारल्याशिवाय ते काही करत नसत. म्हैस घेतानासुद्धा त्यांनी उपास केला होता.

आई म्हणाली, "आधी माणूस बघून या. मग देवाला इचारा."

"देवाला आधी विचारायचं असतं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून गिदोनाची गोष्ट काढली. गिदोनाने लढाईला जाण्याआधी खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती. लोकर दवाने भिजावी, भोवतालची जमीन कोरडी राहावी, म्हणजे देवाचा होकार. बाबांनी तीच खूण मागायची ठरवली. लोकर भिजली तर मी इंदापूरला नांदायला जायचं. कोरडी राहिली तर दवाखान्यात.

गावच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. बाबा मला घेऊन लोकर मागायला गेले.

"मास्तर, घोंगडं इणायचं काढलं का काय?" म्हातारा धनगर हसला.

"देवाला एक विचारायचं आहे."

"मग आमच्या बिरोबाला कौल लावा की. लोकर कशाला नासताय?"

"हा कौल नाही, आबा," बाबा तुटकपणे म्हणाले. मला मात्र दोन्हींत फारसा फरक दिसला नाही.

संध्याकाळी बाबांनी लोकर अंगणात ठेवली. अंगणाला लागून ऊस होता आणि आदल्या दिवशीच त्याला पाटाचं पाणी सोडलं होतं. अशा जागी थंडीत ठेवलेलं काहीही सकाळी ओलं होतं. मुरमाच्या अंगणात दव जिरून जातं, लोकर ते धरून ठेवते. हे आमच्या शेळीलासुद्धा कळलं असतं. सकाळी लोकर ओली निघाली आणि बाबांनी डोळे मिटून आभार मानले.

मी रडले नाही. म्हणाले, "बाबा, गिदोनाने दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा तिकडे ठेवा. मला नांदायचं तर तिकडेच आहे."

शास्त्राला धरून बोललेलं बाबांना मोडता येत नसे. ते हो म्हणाले.

उपदेशकाचं गाव म्हणजे उघडा माळ होता. पाट नाही, ऊस नाही. तिथे लोकर भिजली असती तर तो चमत्कारच होता, आणि चमत्कार झाला असता तर मी गेले असते. आजही तेच म्हणेन. मी देवाला तसं सांगूनच निघाले होते.

बारामतीहून इंदापूरपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने आई, बाबा आणि मी पोचलो. उपदेशक दारात उभा होता. "सलाम, मास्तर!" आम्हा ख्रिस्ती लोकांत हाच नमस्कार. आवाज गोड होता. त्याच्या म्हाताऱ्या आईने गूळ-पाणी दिलं. गूळ भरपूर घातला होता, तरी पाण्याची मचूळ चव लपत नव्हती.

"सवय करून घ्यावी लागंल," म्हातारी मला म्हणाली. "हितं समदं असंच हाय."

घर स्वच्छ होतं. आतल्या खोलीला कडी बाहेरून होती. धान्याच्या कोठीला असते तशी, म्हणून मी डोकावले. आत धान्य नव्हतं. एक बाज होती आणि खिडकीला पत्रा ठोकला होता. आईनेही ते पाहिलं. तिने फक्त माझा दंड घट्ट धरला.

बाबांनी लोकरीचं सांगितलं तेव्हा उपदेशक म्हणाला, "पुन्हा विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे का?"

"गिदोनानेही विचारलं होतं," बाबा म्हणाले.

"मग ठेवा. देव काही गाव बघून उत्तर देत नाही."

दिवस मावळायच्या आत मी म्हातारीबरोबर आडावर गेले. दोर ओढता ओढता विचारलं, "दुसऱ्या सूनबाईंना कसला ताप आला होता?"

तिचे हात थांबले. "ताप?" तिने घराकडे पाहिलं. "व्हय. तापच म्हनायचं." मग घागर माझ्या डोक्यावर ठेवताना पुटपुटली, "शिकाय जायचं म्हनतीस न्हवं? मग जा की, बाई. हितं बायका टिकत न्हाईत."

सकाळी उपदेशकाच्या हाकेने जाग आली. "उठा मास्तर! प्रभूने उत्तर दिलं!" तो ओसरीवर उभा होता. तिथून लोकर पांढरी दिसत होती, ओली की कोरडी ते कळायला खाली उतरावं लागलं असतं. तो उतरला नव्हता.

बाबा अंगणात गेले. लोकर नुसती ओली नव्हती, ठिबकत होती. बाबांनी तिथेच गुडघे टेकले. मी भोवती पाहिलं. कडब्याची गंज कोरडी. दगड कोरडे. दोरीवर रात्रभर राहिलेलं आईचं लुगडं ठणठणीत कोरडं.

मी लोकर उचलली, तळहातावर पिळली आणि पाणी चाखलं.

"बाबा, उठा," मी म्हणाले. "हे चाखून बघा."

"काय हे पोरखेळ!" उपदेशक ओरडला. त्याचा आवाज आता गोड नव्हता. "मास्तर, पोरीला आवरा. देवाच्या खुणेची विटंबना चालली आहे!"

बाबांनी माझ्या तळहातावरचं पाणी बोटाने जिभेला लावलं. मग पुन्हा लावलं. दवाला चव नसते. हे मचूळ पाणी आडाचं होतं.

त्यांनी लोकर उपदेशकाच्या पायरीवर ठेवली. "सलाम," म्हणाले, आणि चहा न घेता आम्ही निघालो. गाडी जुंपेपर्यंत म्हातारी दारात उभी होती. मग आतून त्याने हाक मारली आणि ती लगबगीने आत गेली.

बारामतीला उतरल्यावर बाबा म्हणाले, "दवाखान्यात न्यायला काय काय लागतं, पाळकसाहेबांना विचारून घे." त्यानंतर त्यांनी देवाकडे खूण मागितली नाही. प्रार्थना आधीपेक्षा जास्त करायचे, पण विचारपूस स्वतः पायी जाऊन करायचे.

मी जूनमध्ये गेले. बाबांनी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, चवीवरून माणसाला दोषी ठरवता येत नाही." दिवाळीच्या सुमारास आईकडून कळलं की उपदेशकाचं लग्न झालं. मुलगी दुसऱ्या चर्चच्या मंडळीतली होती, लांबची. तिच्या घरच्यांनी कुठे लोकर ठेवली होती की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या मुलीला मी कधी पाहिलं नाही. पण वॉर्डात इंदापूरकडची कोणी बाई आली की नाडी बघायच्या आधी मी तिचं सासर विचारत असे. अजूनही विचारते.