रिकाम्या कातरीचं भांडण

पस्तीस सालची गोष्ट. आमच्या अंथुर्ण्यात बारामतीची एक विधवा बाई आली, कौसल्याबाई. चावडीमागच्या पडवीत चार-पाच वर्साच्या पोरांचा वर्ग मांडून बसली. गाव हसलं. "अक्षर न्हाय, पाढा न्हाय, पोरं नुसत्या शेंगा फोडत्यात. ही कसली साळा?" मीबी हसले असते, पण माझ्या रतनचा हात त्या बाईच्या हाती व्हता.

रतननं रांगत्या वयात चुलीतला निखारा मुठीत धरला व्हता. जखम भरली, पण उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. वैदू झाले, नवस झाले. बाईंनी आधी तिला ओल्या मातीचे गोळे वळायला लावले, मग शेंगा फोडायला, मग कणसातला एकेक दाणा वेचायला. शेवटी तिच्या हातात कातर दिली. टोकं दगडावर घासून बोथट केलेली.

"अजून कापायचं नाही," बाई म्हणायच्या. "नुसती उघड आणि मीट. मिटणं सोपं गं, उघडणं अवघड."

कच् कच्, कच् कच्. चावडीत बसल्या जागी म्हाताऱ्यांना ऐकू जायचं. रिकामी कातर वाजवली की घरात भांडण लागतं, हे कुणाला ठावं न्हाय? आन् माझं नशीब बघा! त्याच आठवड्यात आमचे मालक सोपान आन् धाकले दीर जोतीराम कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरनं खोऱ्याच्या दांड्यांनी भिडले. दिराचं डोकं फुटलं. झालं, गावाला कारण घावलं.

दुसऱ्या दिशी सकाळीच पाटील आबासाहेब चार माणसं घिऊन पडवीत आले. "बाई, गाठोडं बांधा."

मी म्होरं झाले. पोरीचा हात आत्ता कुठं सुटाय लागलेला! "आबा," मी म्हटलं, "भाऊ भांडले पाण्यापायी. कातरीनं काय कालव्याला भोक पाडलं व्हय?"

"फुलाबाई, तू गप."

कौसल्याबाईंचा आवाज काही चढला न्हाय. "आबा, हिला एकदा पान कापू द्या. कातर रिकामी वाजली, तर मी आजच जाते."

अगं माझे बये! पोरीनं आजवर कायबी कापलं नव्हतं. उघड-मीट, उघड-मीट, एवढीच तिची सवय.

बाईंनी जोंधळ्याचं लांब पान ताणून धरलं. रतननं कातर लावली. कच्. परत उघडली, दातानं व्हट धरून. कच्. पान वाकडं-तिकडं का हुईना, कापत चाललं. मी पदर मुठीत आवळून हुबी. शेवटचा तुकडा खाली पडला, आन् कातर उघडी ऱ्हायली, पात्यांत कायबी नसलेली.

मिटू नको गं, माझे बाय, मिटू नको!

तिच्या बोटांना कळ लागली व्हती. मिटलं असतं तर सुटली असती बिचारी. पण बोटं ताठ, उघडी. जळल्यापासनं एवढी उघडलेली मी कवा बघितली नव्हती. मला रडू फुटलं.

"बघू," म्हणत आबांनी कातर तिच्या हातनं घेतली. उलटीपालटी केली, अंगठा घातला, धार बघितली, आन् बोलता बोलता वाजवली. कच्!

समदे आबांच्या तोंडाकडं बघाय लागले. आबा कातरीकडं. माझ्या तोंडात आलंच व्हतं, "आता तुमच्या घरला दांडे काढा म्हणावं!" पण बाईंनी माझा हात दाबला. त्या हसल्या न्हाईत. दुसरं पान आबांच्या पुढं धरलं.

"पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं, आबा. बसा. कापा आता."

आबा खरंच पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. जाडजूड बोटं कड्यात अडकली, पान नुसतं दुमडलं. रतन सरकत सरकत जवळ गेली आन् तिनं आपला तो चट्ट्याचा हात त्यांच्या मुठीवर ठेवला.

"आबा, आदी उघडा की."

गाठोड्याचं नाव परत कुणी काढलं न्हाय.