मोरीतल्या मुंग्या

आईच्या पायावर चुलीतला निखारा पडला, पण तिला तो कळलाच नाही. कळला तो आत्याला, वासावरून. झालं! नवरा गेल्यावर गव्हाणहून कायमची आमच्याकडे राहायला आलेली ही माझी आत्या. तिने चुलीपाशीच निदान करून टाकलं, "महारोग!" दुसऱ्या दिवसापासून आईला जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वेगळी थाळी आणि पडवीत वेगळं अंथरूण. थोरल्या बहिणीपुढे अप्पांची दातखीळ बसायची.

मग डॉक्टर आले. पनवेलच्या घामट उकाड्यात गळ्याला टाय! त्यांनी आईला डोळे मिटायला लावून पायाला टाचणी टोचली, कापूस फिरवला. तिला पत्ताच नाही. कोपराची शीर चाचपली, अंगावर चट्टे शोधले. एकही सापडला नाही.

"आणखी काही त्रास?"

आई पदर ओढून पुटपुटली, "मुंग्या येतात."

"येणारच. पाय बधिर झालेत."

अहो, पण कुठे येतात ते विचाराल की नाही? मोठे विद्वान! आई म्हणत होती त्या खऱ्या, काळ्या मुंग्या, ती मोरीत जाऊन आली की तिथे लागायच्या त्या. परक्या पुरुषापुढे हे सांगायला तिची जीभ रेटेना. डॉक्टर अप्पांना म्हणाले, "संशय आहे. महारोग्यांच्या आश्रमात ठेवावं लागेल." तिथे गेलेलं माणूस परत आलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"मी काय वेगळं सांगत होते?" आत्याला चेव आला. "मोरीसुद्धा नासवली हिने! ही लघवी करून आली की मुंग्यांची ही रांग! रोज बादल्या ओततेय मी!"

बॅग बंद करता करता डॉक्टर थांबले. "लघवीला मुंग्या?"

लघवी मागवली. निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळली, तशी ती विटेसारखी लाल झाली.

"मधुमेह. साखरेने नसा मेल्यात. लागट नाही हे, शिवून होत नाही," म्हणत त्यांनी टाय सारखा केला. मघाशी आश्रमात धाडणारा जणू दुसराच कोणी होता!

"बघा, माझ्यामुळे कळलं," आत्या म्हणाली. धन्य ती बाई!

जेवणाच्या वेळी आईने जर्मनची थाळी लख्ख घासली, तिच्यात भात वाढला आणि आत्यापुढे ठेवली.

"बसा वन्सं. लागट नाही म्हणे."

अप्पांनी मान वर केली नाही. आत्याचा हात काही भातापर्यंत जाईना.