आमच्या घरी ग्रहण पाळलं

नव्याण्णव सालच्या ऑगस्टात सूर्यग्रहण होतं. मी तेव्हा मंठा तालुक्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळे शिकवायची हौस फार. नववीच्या वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि टेबलावर ग्रहण मांडून दाखवलं. बॅटरी सूर्य, मोसंबी पृथ्वी आणि मधे दोऱ्याला टांगलेली सुपारी चंद्र. मोसंबीवर पडलेला गडद ठिपका ती प्रच्छाया, भोवतीचा फिकट भाग उपच्छाया. प्रच्छायेत असलेल्यांना खग्रास ग्रहण दिसतं, उपच्छायेत असलेल्यांना खंडग्रास. आपल्याकडे खंडग्रास.

"उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं बघायचं नाही, एवढंच," मी म्हणालो. "बाकी वेध, उपास, काही नाही. सावली आहे ती. सावलीनं कुणाच्या पोटातल्या लेकराला काय होतंय?"

पोरं हसली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

ग्रहणाच्या दिवशी शाळा दुपारीच सोडली. ग्रहण पाचच्या पुढे लागणार होतं. घरी माझी बायको सातव्या महिन्यात होती. आधीचं मूल पोटातच गेलेलं. आई गावाहून मुद्दाम आली होती आणि तिनं सकाळीच विळी, कात्री, सुई उचलून ठेवली होती. बायकोच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

"खिडकीला कायतरी लाव रे बाबा," आई म्हणाली.

मी घोंगडी आणली आणि खिळे ठोकायला घेतले. लोकांचा कापूस वेचून जिनं मला बी.एस्सी. केलं, तिच्याशी वाद कशाला घालायचा, असं मनाला सांगत होतो. ते खरं नव्हतं. आई आली नसती तरी मी ती खिडकी झाकलीच असती.

दुसरा खिळा ठोकत असताना दारात ती मुलगी आली. पळत आली होती.

"सर, वहिनीला आठवा लागलाय. सकाळपासून उपाशी हाय. आजी पाणीबी पिऊ देईना. मी वहीतलं वाचून दावलं तर म्हणती, सरालाच आण मंग. चला न सर, जल्दी."

बोलता बोलता तिनं घोंगडी बघितली. मग माझ्या हातातली हातोडी. आतून आईचा आवाज आला, "दार लाव बाबा, तिच्यावर उजेड येतोय."

"तू हो पुढं," मी म्हणालो. "मी आलोच."

मी गेलो नाही. आभाळ भरून आलेलं, सूर्य कुणालाच दिसला नाही. नुसताच उजेड मळकट झाला आणि कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. मी बायकोच्या उशाशी बसून घड्याळ बघत होतो.

ग्रहण सुटल्यावर बिस्किटाचा पुडा घेऊन मी त्या मुलीच्या घरी गेलो. आंघोळी उरकून तिथं आता कुठं चूल पेटली होती. वहिनी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. मुलगी चुलीपुढे फुंकणी घेऊन होती.

आजीनं मोठ्या मानानं सतरंजी टाकली. "या सर, बसा. तुमच्याबी घरी लेकरू होणार हाय म्हणं. मंग, पाळलं का न्हाई?"

फुंकणीचा आवाज थांबला.

"पाळलं," मी म्हणालो.

"ऐकलंस का ग?" आजी नातीकडे वळली. "कवाची बोलून राह्यली व्हती, सर म्हणले अन् सर म्हणले! सरायच्याच घरी पाळत्यात. लई शानी झाल्ती तू!"

मी भ्यालो म्हणून पाळलं, पोरगी म्हणत होती तेच खरं होतं, एवढं बोललो असतो तरी पुरे होतं. शब्द तयार होते. आजी माझ्याकडे बघून कौतुकानं हसत होती आणि ते हसू मला मोडवेना.

मला घोंगडी लावताना पाहिल्याचं मुलगी आजीला बोलली नाही. तिनं पुडा फोडला, पाण्याचा तांब्या घेतला आणि वहिनीजवळ जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाठ केली होती.

आजीनं चहा दिला. मी तो बशीत ओतून सगळा प्यालो.